रोज दीड मीटर

२० मार्च १९८०, दुपारी ३:४७. स्फोटाला ५९ दिवस.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्स या डोंगराखाली ४.२ तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला. डोंगराची उंची २,९५० मीटर, माथ्यावर बर्फ. १८५७ पासून तो शांत होता.

इशारा आधीच छापून आला होता. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेतले ड्वाइट क्रँडेल आणि डोनल मुलिनो यांनी १९७८ साली एका अहवालात लिहिलं होतं की या पर्वतरांगेत पुन्हा जागा होण्याची सर्वांत जास्त शक्यता याच ज्वालामुखीची आहे आणि ते कदाचित हे शतक संपण्याआधीच घडेल. अहवाल निघून दोन वर्षं झाली होती.

२७ मार्च, दुपारी १२:३६. ५२ दिवस.

माथ्यावर वाफेचा पहिला स्फोट. बर्फात सुमारे ७५ मीटर रुंदीचं विवर पडलं आणि उतारावर राखेचा काळा पट्टा उमटला. या राखेत नवा शिलारस नव्हता, जुन्या खडकाचाच भुगा होता. खाली काहीतरी तापलं आहे एवढंच त्यावरून कळत होतं. किती तापलं आहे आणि वर यायला वाट कुठून शोधतं आहे, हे राख सांगत नव्हती.

एप्रिलचा मध्य. सुमारे पाच आठवडे.

आदल्या उन्हाळ्यातली आणि आताची हवाई छायाचित्रं शेजारी ठेवल्यावर फरक दिसला. डोंगराची उत्तर बाजू पुढे आली होती. हिमनद्यांना भेगा गेल्या होत्या. दीड-दोन किलोमीटर पसरलेला एक फुगवटा उतारातून बाहेर येत होता.

त्याचं कारण शिलारसाच्या स्वभावात आहे. पालघर जिल्ह्यातल्या अर्नाळा किल्ल्याच्या तटाला लागलेला काळा दगड हासुद्धा कधीकाळचा शिलारसच. पण सह्याद्रीतला तो लाव्हा पातळ होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा थरावर थर पसरत गेला. म्हणून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आहेत, शंकूसारखे ज्वालामुखी नाहीत. सेंट हेलेन्सचा शिलारस डेसाइट जातीचा, सिलिका जास्त असलेला, चिकट. तो वाहत नाही, अडकतो. डोंगराच्या पोटात शिरून तो बाहेर न पडता एका कुशीला साचत होता, आणि त्याच्यात विरघळलेल्या वायूंना कुठेच वाट नव्हती.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. तीन आठवडे.

मोजणी रीतसर सुरू झाली. तत्त्व सोपं होतं. शिलारस वर सरकतो तेव्हा वरची जमीन फुगते, कलते किंवा ताणली जाते. जमिनीवरच्या खुणांमधलं अंतर पुन्हा पुन्हा मोजलं, तर खाली काय चाललं आहे याचा हिशेब मांडता येतो. साकुराजिमा ज्वालामुखीच्या १९१४ च्या उद्रेकानंतर जपानमध्ये जमिनीच्या पातळीची जी मोजणी झाली होती, तिच्यावरून कियू मोगी यांनी १९५८ साली या हिशेबाचं गणित मांडलं. ते आजही वापरलं जातं. त्याआधी १९४३ ते ४५ या काळात होक्काइदोतल्या मासाओ मिमात्सू नावाच्या पोस्टमास्तरांनी काही दोऱ्या ताणून, त्यांच्याशी ताडून, शेतातून वर येणाऱ्या नव्या डोंगराची वाढ कागदावर उतरवून ठेवली होती. महायुद्ध चालू होतं, साधनं मिळत नव्हती. तरी त्या नोंदी अव्वल ठरल्या.

सेंट हेलेन्सवरही साधनं फारशी भपकेबाज नव्हती. स्पिरिट लेक या तळ्याच्या काठाला लाकडी मोजपट्ट्या ठोकण्यात आल्या. पाण्याची पातळी एका काठाला चढली आणि दुसऱ्या काठाला उतरली, तर जमीन कलली असा अर्थ. लेसरने अंतर मोजायचं तर समोरच्या उतारावर प्रकाश परत पाठवणारं काहीतरी हवं. काचेचे लोलक महाग, आणि ते हरवणार हे नक्की. म्हणून रस्त्याच्या कडेला लावतात ते प्लॅस्टिकचे परावर्तक फळ्यांवर बसवून हेलिकॉप्टरने फुगवट्यावर नेले गेले.

आकडा आला. फुगवटा रोज दीड ते दोन मीटर पुढे येत होता, बराचसा आडव्या दिशेने, उत्तरेकडे.

ज्वालामुखींच्या मोजणीत एरवी मिलिमीटर आणि सेंटिमीटर मोजतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला निसार हा इस्रो-नासाचा उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच जमिनीवर रडार फिरवून काही मिलिमीटरची हालचाल टिपण्यासाठी बनवला आहे. इथे डोंगर एका दिवसात माणसाच्या उंचीएवढा सरकत होता.

३० एप्रिल. १८ दिवस.

गव्हर्नर डिक्सी ली रे यांनी डोंगराभोवती दोन पट्टे आखण्याचा आदेश काढला. आतल्या लाल पट्ट्यात शास्त्रज्ञ, पोलीस आणि तशीच कामं असलेली माणसं सोडून कोणी जायचं नाही. बाहेरच्या निळ्या पट्ट्यात दिवसा, परवान्याने. पश्चिमेला आणि वायव्येला पट्ट्याची हद्द धोका बघून आखली गेली नाही. तिथे एका मोठ्या लाकूड कंपनीची जमीन होती आणि तोड चालू होती. हद्द त्या जमिनीच्या सीमेवर थांबली.

स्पिरिट लेकच्या काठी ८३ वर्षांचे हॅरी ट्रुमन आपल्या लॉजमध्ये १६ मांजरांसह राहत होते. त्यांनी जायला नकार दिला. वृत्तपत्रांना ते आवडत होते, शाळकरी मुलं त्यांना पत्रं लिहीत होती. त्यांना उचलून आणण्याचा निर्णय कोणी घेतला नाही.

याच सुमाराला दरडींचे अभ्यासक बॅरी व्हॉइट यांनी आपला अहवाल दिला. उत्तर उतार एका प्रचंड दरडीच्या रूपात घसरू शकतो, आणि घसरलाच तर आत कोंडलेला दाब एकदम मोकळा होईल, असं त्यात होतं. १९५६ साली कामचात्कातल्या बेझिम्यान्नीवर असंच घडलं होतं. आधी डोंगराची एक बाजू फुगली आणि मग स्फोट वर न जाता आडवा गेला. रशियन भूवैज्ञानिक गोर्शकोव्ह यांनी ते लिहूनही ठेवलं होतं. म्हणजे कल्पना सर्वांसमोर होती. पण समोर असणं वेगळं आणि तिच्यावर नकाशाची हद्द आखणं वेगळं.

१२ मे. ६ दिवस.

फुगवट्याचा काही भाग मूळ जागेपासून सुमारे १४० मीटर बाहेर आला होता. वेग मात्र तोच, रोज दीड ते दोन मीटर.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या छोट्या निर्णयांचं मूळ इथे आहे. शास्त्रज्ञ मोठ्या उद्रेकाच्या आधीच्या खुणेची वाट पाहत होते. अपेक्षा अशी की फुटण्याआधी काहीतरी बदलेल. फुगवट्याचा वेग वाढेल, भूकंप वाढतील, किंवा गंधकाचा वायू जास्त येऊ लागेल. मोजमाप चोख होतं. अपेक्षाही अडाणी नव्हती, पुष्कळ ज्वालामुखी तसेच वागतात. पण रोज तोच आकडा आला की तो आकडा धोक्याचा न वाटता नेहमीचा वाटू लागतो. पालघर जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये. डहाणू-तलासरीच्या गावांनी नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांवर धक्के सोसले, थंडीत तंबूंत रात्री काढल्या, आणि मग पुन्हा घरात झोपायला सुरुवात केली. त्या धक्क्यांचं कारण हा वेगळा विषय. सरावणं मात्र तेच.

१६ मे. २ दिवस.

माथ्यावरची वाफ आणि राख थांबली. बाहेरून पाहणाऱ्याला डोंगर निवल्यासारखा दिसत होता.

१७ मे, शनिवार. एक दिवस.

हवा स्वच्छ. बंदीमुळे आपल्याच घरात जाता येत नाही म्हणून मालक चिडले होते. दबाव इतका वाढला की अधिकाऱ्यांनी सुमारे ५० गाड्यांच्या ताफ्याला आत जाऊन सामान काढून आणायची परवानगी दिली. ताफा गेला, परत आला, काही झालं नाही. दुसरा ताफा रविवारी सकाळी १० वाजता सोडायचं ठरलं.

निळा पट्टा वायव्येकडे वाढवण्याचा प्रस्ताव तयार होऊन गव्हर्नरांच्या कार्यालयात पोहोचला होता. शनिवार-रविवार होता. सही व्हायची होती.

१७ मे, संध्याकाळी ७. १३ तास ३२ मिनिटे.

डोंगराच्या उत्तरेला सुमारे १० किलोमीटरवर, एका कड्यावर, ‘कोल्डवॉटर २’ हे निरीक्षण ठाणं होतं. एक चाकांचं घर, एक गाडी, रेडिओ, लेसरचं यंत्र. समोर फुगवटा सरळ दिसायचा. हॅरी ग्लिकन हा तरुण सहायक दोन आठवडे तिथे राहिला होता. त्याला पुढच्या शिक्षणासंबंधी भेटीला कॅलिफोर्नियाला जायचं होतं. त्याच्या जागी डॉन स्वॉन्सन येणार होते, पण त्यांच्याकडचा एक जर्मन विद्यार्थी परत निघायचा होता. स्वॉन्सन यांनी डेव्हिड जॉन्स्टनला विचारलं, एक रात्र सांभाळशील का? जॉन्स्टन ३० वर्षांचा, ज्वालामुखीच्या वायूंचा अभ्यासक. तो हो म्हणाला.

ग्लिकनने निघण्याआधी त्याचा फोटो काढला. जॉन्स्टन कॅम्पच्या खुर्चीत बसला आहे, मांडीवर वही, चेहरा हसरा.

हिमनद्यांवर काम करणाऱ्या दोन सहकारी त्या दिवशी कड्यावर आल्या होत्या. त्यांचा मुक्काम करायचा बेत होता. जॉन्स्टनने त्यांना थांबू दिलं नाही. इथे जितकी कमी माणसं तितकं बरं, असं त्याचं म्हणणं होतं. त्या परत गेल्या.

ग्लिकनही गेला. पुढे त्याने याच डोंगराच्या दरडीवर प्रबंध लिहिला. ३ जून १९९१ रोजी जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीच्या तप्त राखेच्या लोटात सापडून तो मरण पावला.

१८ मे, रविवार, सकाळी ७. १ तास ३२ मिनिटे.

जॉन्स्टनने लेसरने अंतरं मोजली आणि आकडे रेडिओवरून व्हँकूव्हरला कळवले. हे व्हँकूव्हर कॅनडातलं नव्हे. वॉशिंग्टन राज्यातल्या त्याच नावाच्या गावात भूसर्वेक्षण संस्थेने तळ मांडला होता.

फुगवट्याचा वेग: बदल नाही.

गंधकाच्या वायूच्या आणि उताराच्या तापमानाच्या मोजणीतही नवं काही नव्हतं. २० मार्चपासून १०,००० हून अधिक भूकंप नोंदले गेले होते आणि आजचे त्यांच्याच जातीचे होते.

रविवार असल्याने एरवी या परिसरात तोडीवर असणारे ३०० हून अधिक मजूर घरी होते. सुट्टीमुळेच टाउटल नदीच्या काठी तंबू ठोकून राहिलेले लोकही होते. त्यांतले बहुतेक दोन्ही पट्ट्यांच्या बाहेर होते, म्हणजे कागदावर सुरक्षित.

८:३१. एक मिनिट.

कीथ आणि डोरोथी स्टॉफेल हे भूवैज्ञानिक दांपत्य एका छोट्या विमानातून माथ्यावर घिरट्या घालत होतं. डोंगर शांत. विवराच्या कडेवरून दगड आणि बर्फाचे थोडे तुकडे घरंगळताना त्यांना दिसले.

८:३२:११.

उत्तर उताराखाली सुमारे दीड किलोमीटर खोलीवर ५.१ तीव्रतेचा भूकंप. याच्या जवळपासचे धक्के या डोंगराने गेल्या दोन महिन्यांत पचवले होते. या वेळी उतार टिकला नाही.

अर्नाळ्यात रात्रीचे ९ वाजून २ मिनिटं झाली होती.

८:३२, पुढचे सेकंद.

स्टॉफेल दांपत्याला डोंगराची अख्खी उत्तर बाजू एकदम थरथरताना, लाटांसारखी हलताना दिसली. मग ती सरकली. वैमानिकाने वेग मिळवण्यासाठी विमानाचं नाक खाली घातलं आणि ते निसटले.

ईशान्येला १८ किलोमीटरवर बेअर मेडो इथे गॅरी रोझेनक्विस्ट यांनी कॅमेरा लावून ठेवला होता. त्यांनी लागोपाठ काढलेल्या छायाचित्रांवरून नंतर हे सेकंद जुळवता आले. आधी एक तुकडा घसरला. त्याच्या मागून दुसरा. सगळं मिळून सुमारे अडीच घन किलोमीटर खडक आणि बर्फ. नोंदलेल्या इतिहासातली ही सर्वांत मोठी दरड. तिच्या खाली, गेले दोन महिने दडपलेला शिलारस उघडा पडला.

स्फोट वर गेला नाही. तो उत्तरेला, आडवा गेला. ताशी ३५० किलोमीटरने निघालेला लोट पुढे १,००० किलोमीटरच्या वर पोहोचला. तापमान काही ठिकाणी ३५० अंश सेल्सिअस.

जॉन्स्टनने रेडिओ उचलून व्हँकूव्हरला दोनदा हाक मारली आणि सांगितलं, हेच ते. व्हँकूव्हरला ते ऐकू गेलं नाही. एका हौशी रेडिओचालकाने ते ऐकलं. जॉन्स्टनच्याही उत्तरेला एक स्वयंसेवक रेडिओवर होता. समोरची गाडी आणि चाकांचं घर झाकलं गेलं, आता ते माझ्यापर्यंत येणार, एवढं त्याने शांत आवाजात कळवलं. नंतर तोही बोलला नाही.

स्पिरिट लेकवर दरड पडली. तळ्यातलं पाणी समोरच्या डोंगरावर सुमारे २६० मीटर चढलं आणि उन्मळलेली झाडं घेऊन परत आलं. ट्रुमन यांचं लॉज दरडीखाली गाडलं गेलं.

८:४७ च्या सुमारास. १५ मिनिटांनंतर.

राखेचा स्तंभ २४ किलोमीटर उंचीवर पोहोचला होता. दरड टाउटल नदीच्या उत्तर शाखेच्या खोऱ्यात वीस-बावीस किलोमीटर उतरत गेली. आडव्या स्फोटाने सुमारे ६०० चौरस किलोमीटर जंगल झोपवलं होतं.

९:४५.

याकिमा, पूर्वेला १३५ किलोमीटर. सकाळी पावणेदहाला रस्त्यावरचे दिवे लावावे लागले.

१०:००.

दुसऱ्या ताफ्याची ठरलेली वेळ.

दुपारपर्यंत.

राख ४०० किलोमीटरवरच्या स्पोकेनला पोहोचली. टाउटलच्या खोऱ्यात वितळलेला बर्फ, राख आणि खडक यांचा चिखल पूल उचलून नेत होता. रात्रीपर्यंत तो कोलंबिया नदीत उतरला आणि १२ मीटर खोल असलेला जहाजांचा मार्ग ४ मीटरवर आला.

संध्याकाळी ५:३०.

नऊ तासांनी स्तंभ खाली बसू लागला. डोंगर ४०० मीटरने बुटका झाला होता आणि उत्तरेला घोड्याच्या नालेच्या आकाराचं विवर उघडं पडलं होतं. मृत ५७. त्यांतले मोजकेच लाल पट्ट्यात होते. जॉन्स्टन सापडला नाही. १९९३ साली रस्त्याचं काम करणाऱ्यांना त्याच्या चाकांच्या घराचे तुकडे मिळाले. तो कडा आता जॉन्स्टन रिज म्हणून ओळखला जातो.

त्यानंतर.

विवराच्या तळाशी नवा लाव्हा साचून घुमट वाढू लागला. स्वॉन्सन आणि सहकारी आत उतरून भेगांच्या दोन्ही कडांना खुणा ठोकत आणि पोलादी मोजपट्टीने अंतर घेत. या वेळी आकडे बोलले. प्रत्येक उद्रेकाच्या आधी भेगा रुंदावण्याचा वेग चढत गेला, आणि १९८० च्या जूनपासून १९८२ च्या अखेरीपर्यंतचे बहुतेक उद्रेक काही तास ते तीन आठवडे आधी सांगता आले. घुमट १९८६ च्या ऑक्टोबरपर्यंत वाढत राहिला.

२३ सप्टेंबर २००४ रोजी डोंगराखाली पुन्हा धक्के सुरू झाले. आठवड्याभरात, १ ऑक्टोबरला, वाफ आणि राख वर आली. तेव्हा डोंगराजवळ अखंड चालणारं जीपीएस यंत्र एकच होतं, जॉन्स्टन रिजवरचं. जमीन फुगल्याची कोणतीही आगाऊ खूण त्याच्या नोंदींत नव्हती. धक्के सुरू झाल्यावर ते सरकू लागलं, मिलिमीटरच्या अंशांनी, आणि तेही बाहेरच्या बाजूला नव्हे, डोंगराच्या दिशेने.